ॲलर्जीविरहित जुनाट नासाशोथ आणि तथाकथित ‘सायनसची डोकेदुखी’ : उमापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील एक गाव होय. कापूस, तूर व ऊस ही या भागातील प्रमुख पिके. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर ही संपूर्ण जिल्ह्याची ओळख बनली आहे. अशा परिसरात वर्षभर वाहणारे किंवा चोंदलेले नाक आणि कपाळ व गालफडे यांत भरून राहिलेली वेदना यांना कोणी आजार मानत नाही. ‘सर्दीचा कोठा आहे’ किंवा ‘सायनस आहे’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. या दोन शब्दांखाली किमान दोन वेगळ्या व्याधी दडलेल्या असतात. त्यांची गल्लत झाल्याने रुग्ण वर्षानुवर्षे चुकीचे औषध घेत राहतो. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

नासाशोथाचे स्वरूप :

नाकातील अस्तराला सतत सूज राहणे, पाणी वाहणे व नाक चोंदणे या अवस्थेस नासाशोथ म्हणतात. परागकण, घरातील धुळीतील सूक्ष्म कीटक किंवा बुरशी यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळून उठते तेव्हा तो ॲलर्जीजन्य असतो. अशा रुग्णाला शिंकांच्या माळा लागतात, नाक व डोळे खाजतात, आणि हा त्रास बहुधा लहान वयातच सुरू होतो. ॲलर्जीविरहित प्रकारात मात्र त्वचाचाचणी व रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी निर्दोष येते, खाज क्वचितच असते आणि आरंभ बहुधा विशीनंतर होतो.

मग नाक वाहते कशाने? नाकातील रक्तवाहिन्या व श्लेष्मग्रंथी यांचे नियंत्रण स्वायत्त मज्जासंस्थेकडे असते. ही यंत्रणा अतिसंवेदनशील झाली की साध्या कारणांनीही रक्तवाहिन्या फुगतात व ग्रंथी पाझरू लागतात. थंड कोरडी हवा, तापमानातील अचानक बदल, धूर, उग्र वास, तिखट जेवण ही ती कारणे. गर्भावस्था, थायरॉईडची मंदता आणि रक्तदाबावरील काही औषधे यांमुळेही असा त्रास उद्भवतो.

परिसर आणि कारणे :

या यादीतील बहुतेक कारणे मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाच्या दिनक्रमातच आढळतात. हिवाळ्यात पहाटेचा गारठा आणि दुपारचे ऊन यांतील तफावत मोठी असते. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाल्यानंतर गॅस अनेक घरांत पोहोचला, तरी पाणी तापविण्यासाठी व भाकरीसाठी पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या यांची चूल सुटलेली नाही. उसाचे पाचट पेटविल्याचा धूर, कापसाची धूळ, मिश्रीची भाजणी आणि वडीलधाऱ्यांची तपकीर हेही त्यात मिळवावे. (वर्गात फळ्याजवळ उभे राहणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत खडूची भुकटी तेच काम करते.)

ऊसतोड कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. कोपीत राहून पहाटेच्या थंडीत फडात उतरणे त्यांना चुकत नाही. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ उचलीच्या हिशेबात कापला जातो. अशा वेळी डोके धरून बसणे परवडत नाही. गोळी घेऊन काम चालू ठेवणे हाच पर्याय उरतो.

‘सायनस’ की अर्धशिशी?

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील हवा भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्यांत जंतुसंसर्ग झाल्यास दुखते हे खरे. परंतु तेव्हा घट्ट पिवळसर-हिरवट स्राव, चोंदलेले नाक, वास न येणे व अनेकदा ताप ही लक्षणे सोबत असतात. केवळ डोकेदुखीवरून जुनाट सायनसशोथाचे निदान होत नाही. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असल्याचे सांगणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या 2,991 व्यक्तींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी 88 टक्के व्यक्तींची लक्षणे अर्धशिशीच्या निकषांत बसणारी होती.

या गोंधळाचे मूळ शरीररचनेत आहे. कपाळ, गाल व नाक यांच्या संवेदना वाहून नेणारी त्रिशाखी मज्जा अर्धशिशीतही उद्दीपित होते. तिच्या प्रतिक्षिप्त क्रियेने नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते. साहजिकच रुग्णाला वाटते की नाकामुळे डोके दुखते. शिवाय ‘अर्धशिशी’ हे नावही दिशाभूल करते, कारण पुष्कळ रुग्णांत वेदना दोन्ही बाजूंना असते. मळमळ, प्रकाश व आवाज नकोसा होणे, कामात अडथळा येण्याइतकी वेदना ही लक्षणे विचारलीच जात नाहीत, म्हणून सापडतही नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाचे आणि शिरोरोगांचे विवेचन स्वतंत्रपणे केले आहे, तसेच अकरा शिरोरोगांत सूर्यावर्त व अर्धावभेदक यांना निराळे स्थान दिले आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

उपचारांतील चुका :

नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत आराम देतात, आणि हाच त्यांचा धोका आहे. चार-पाच दिवसांहून अधिक काळ वापरल्यास औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, पुन्हा थेंब घातले जातात आणि औषधच आजार बनते. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. साध्या गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. प्रतिजैविकांचा तर ॲलर्जीविरहित नासाशोथ व अर्धशिशी या दोन्हींवर काहीही उपयोग नाही. तरीही ती औषधाच्या दुकानातून सहज घेतली जातात.

नाकात फवारण्याची स्टेरॉईड व ॲझेलास्टिन ही औषधे नियमित घेतल्यास बऱ्याच रुग्णांना उपयोगी पडतात. केवळ पाणी वाहत असेल तर इप्राट्रोपियम दिले जाते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य नाक वाहवते, पण वैद्यकीय देखरेखीखाली ठरावीक मात्रेत दिल्यास तेच मज्जातंतूंची अतिसंवेदनशीलता कमी करते. (घरी मिरचीचा प्रयोग करणे अर्थातच घातक होय.)

जलनेती हा स्वस्त उपाय आहे. त्यासाठी एक लिटर पाण्यात सुमारे 9 ग्रॅम मीठ पुरते, मात्र पाणी उकळून कोमट केलेले असावे. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात 2011 मध्ये नळाचे पाणी तसेच वापरल्याने अमिबाचा मेंदूत संसर्ग होऊन दोघांचा मृत्यू झाला होता. आड, बोअर किंवा टँकर यांच्या पाण्याबाबत ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. ओव्याचा वाफारा किंवा सुंठेचा लेप यांनी तात्पुरते बरे वाटते, त्याला हरकत नाही.

एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणे, तीव्र तापासह मान आखडणे यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे. मधुमेही रुग्णाने तर विशेषच, कारण 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसची सुरुवात अनेकांत अशाच एका बाजूच्या चेहरादुखीने झाली होती. गेवराई तालुक्यातील रुग्णासमोर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी हे दोन शासकीय पर्याय आहेत. दोन्ही ठिकाणी जाणे म्हणजे एका दिवसाचा खाडा. जाताना दुखण्याच्या तारखा, घेतलेल्या गोळ्या व थेंबांच्या बाटल्या सोबत नेल्यास पहिल्याच भेटीत निदानाला मदत होते.