क्रिएटिनिनचा आकडा आणि बंद केलेली डाळ

कबनूरमध्ये ‘शुगर’ आणि ‘किडनी’ हे शब्द आता मराठीच झाले आहेत. इचलकरंजीच्या वेशीला लागलेल्या या गावात मागांच्या खडखडाटात बारा-बारा तास उभी राहणारी माणसे आपले क्रिएटिनिन पगाराच्या आकड्यासारखे तोंडपाठ सांगतात. तो आकडा थोडा चढला की घरात पहिला हुकूम सुटतो : डाळ बंद. मागोमाग अंडी बंद, दूध बंद. ताटात उरतो भात, भाकरी आणि चहा-बिस्किट. म्हणजे मधुमेह्याने बेताने खावे तेच. या हुकमात शास्त्र किती आणि भीती किती, हे तपासता तपासता मी अमिनो आम्लांपाशी येऊन पोचलो. मी डॉक्टर नाही, वाचून शिकलेला माणूस आहे. त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी हे इथे सांगणार नाही.

प्रथिने म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा. इन्सुलिन हे साखरेचे रखवालदार, एवढेच आपण शिकलेलो असतो. पण स्नायूंतल्या या माळा तुटू न देणे हेही त्याचेच काम. इन्सुलिनचा धाक ओसरला की ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले रक्तात वाढतात. स्थूल माणसांत ही वाढ फिलिप फेलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ सालीच दाखवली होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम येथील लोकांच्या जुन्या रक्तनमुन्यांवरून असे दिसले, की ही तीन आणि टायरोसिन व फेनिलॲलॅनिन ही पाच अमिनो आम्ले मधुमेहाची चाहूल बारा वर्षे आधीपर्यंत देऊ शकतात. साखर वाढण्याच्या कितीतरी आधी घडी बिघडलेली असते.

आता मूत्रपिंडाकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. गाळलेली साखर आणि अमिनो आम्ले नलिकेत परत ओढली जातात ती सोडियमचा हात धरून. मधुमेहात साखर जास्त, म्हणून तिच्याबरोबर मीठही जास्त परत ओढले जाते. पुढे बसलेल्या पहारेकरी पेशींना मीठ कमी दिसते, त्यांना वाटते की वरून पाणीच कमी येतेय, आणि त्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी सैल सोडतात. गाळणीवरचा दाब वाढतो. भरपेट मटण खाल्ल्यावरही गाळण्याचा वेग असाच काही काळ वाढतो. तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्या निरोगी माणसाचे त्याने काही बिघडत नाही; पण मधुमेह्याच्या गाळणीवर हा दाब वर्षानुवर्षे असतो. बॅरी ब्रेनर यांनी १९८२ मध्ये हीच गोष्ट पुढे आणली : दाबामुळे गाळण्या झिजतात आणि उरलेल्यांवर आणखी भार पडतो. ‘ग्लिफ्लोझिन’ या शेपटीची नवी औषधे नेमकी इथे, साखर आणि सोडियमची जोडी तोडून काम करतात. २०१९ आणि २०२० मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत त्यांनी मूत्रपिंडाची घसरण मंदावलेली दिसली.

पण मूत्रपिंड म्हणजे नुसते चाळण नाही. तो कारखानाही आहे. सिट्रुलिनपासून आर्जिनिन, ग्लायसिनपासून सेरिन, फेनिलॲलॅनिनपासून काही प्रमाणात टायरोसिन तिथे बनते. ग्लुटामिन फोडून तयार केलेल्या अमोनियावर शरीरातले आम्ल लघवीवाटे बाहेर जाते. मूत्रपिंड थकले की हे आम्ल रक्तात साचते आणि त्यामुळे स्नायू आणखी झिजतात.

इथे क्रिएटिनिनची खरी गंमत आहे. ते ज्या क्रिएटिनपासून होते, ते आर्जिनिन आणि ग्लायसिनपासून मूत्रपिंड व यकृत मिळून बनवतात आणि ते साठते स्नायूंत. म्हणजे क्रिएटिनिन किती तयार होणार हे स्नायू किती आहेत यावर ठरते. तालमीतल्या पैलवानाचे १.२ आणि पन्नास किलोच्या वाळक्या माग-कामगाराचे १.२ हे कागदावर सारखे दिसले तरी दुसऱ्याचे मूत्रपिंड बरेच थकलेले असू शकते. प्रयोगशाळा या आकड्यावरून जे ‘ईजीएफआर’ काढते, त्याला वय आणि लिंग कळते, दंडाचा घेर कळत नाही. आता डाळ बंद केलेल्या घरात काय होते पाहा. सहा महिन्यांत माणूस खंगतो, स्नायू कमी होतात, क्रिएटिनिन थोडे उतरते आणि घरचे म्हणतात, पथ्य लागू पडले!

याउलट लघवीतले अल्ब्युमिन खूप आधी बोलते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅमच्या वर सतत राहू लागले, तर क्रिएटिनिन चांगले असतानाही गाळणी इजा सांगत असते. मधुमेह्याने ही तपासणी वर्षातून एकदा करायची असते. साखर दरमहा तपासणारी आणि लघवी कधीच न तपासलेली माणसे मला आमच्या गल्लीतच भेटतात. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हा आणखी एक घाव, त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

यापुढची पायरी मुंबईच्या आयआयटीतल्या एका संशोधनात दिसते. प्रमोद वांगीकर यांच्या गटाने हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयातल्या ५२ जणांचे रक्त तपासले : १५ निरोगी, २३ मधुमेही, १४ मधुमेहासह मूत्रपिंडविकार असलेले. चयापचयातल्या शेकडो रेणूंपैकी अरॅबिटॉल, मायो-इनॉसिटॉल यांसारखे काही रेणू निरोगी ते मूत्रपिंडविकार असे पायरीपायरीने वाढत गेलेले आढळले. माणसे फार थोडी आहेत, त्यामुळे यातून उद्याच नवी तपासणी गावात येईल असे नाही. तरी आपल्याच लोकांच्या रक्तावर हे काम झाले, याचे मला महत्त्व वाटते.

राहता राहिला ताटाचा हिशेब. आज मान्य असलेला आंतरराष्ट्रीय सल्ला असा, की डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णाने वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. साठ किलोला ४८ ग्रॅम. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण २०, पन्नास ग्रॅम तूरडाळीतून ११, पाव लिटर दुधातून ८, एका अंड्यातून ६, बेरीज ४५. आमच्याकडचे साधे ताट मर्यादेच्या आतच आहे! त्यातून डाळ काढायची कशाला? कमी करायचा तो जिमच्या पावडरीचा डबा, मटणाचा दुसरा-तिसरा वाढा, लोणचे-पापडाचे मीठ. पोटॅशियम किंवा फॉस्फरस वाढलेले असेल तर डाळीचा प्रकार आणि प्रमाण डॉक्टर बदलतील, ती गोष्ट वेगळी. प्रथिने आणखी घटवून काय साधते, हे पाहणारा अमेरिकेतला मोठा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा दिसला तो किरकोळ. आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांना त्यात घेतलेच नव्हते.

डायलिसिस सुरू झाल्यावर तर हिशेब उलटा होतो. प्रत्येक बैठकीत काही ग्रॅम अमिनो आम्ले यंत्रातल्या पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून तेव्हा किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे त्याच साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. डाळ बंदचा जुना हुकूम मात्र बऱ्याच घरांत तेव्हाही तसाच चालू असतो.