न्हाणीघरातील दमट हवा आणि तिची वाट

तापमान वाढते तसे हवेत मावणाऱ्या बाष्पाचे कमाल प्रमाण झपाट्याने वाढते. २० अंश सेल्सियसला ते घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम, तर ४० अंशांना ५१ ग्रॅम असते. गरम पाण्याच्या अंघोळीने न्हाणीघरातील हवा बाष्पाने भरून जाते आणि ती थंड आरशाला, भिंतीला वा छताला लागून दवबिंदूच्या, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली गेली की तेथे ओल धरते. टाइलांवरचे पाणी ओघळून जाते, पण छताच्या गिलाव्यात मुरलेले पाणी लवकर निघत नाही, आणि पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांवर राहिल्यास कोपऱ्यांत काळी बुरशी वाढून रंगाचे पोपडे सुटू लागतात.

एक्झॉस्ट पंखा ही हवा बाहेर टाकतो खरा, परंतु जेवढी हवा खोलीत येईल तेवढीच बाहेर जाऊ शकते, ही साधी गोष्ट पंखा बसवताना फार वेळा विसरली जाते. शहरातील सदनिकांत तो बहुधा डक्टकडे उघडणाऱ्या काचपट्ट्यांच्या खिडकीत असतो, आणि शेजारच्या पट्ट्या उघड्या राहिल्या तर पंखा तिथलीच हवा ओढून पुन्हा डक्टमध्ये फेकतो, तर शॉवरखालची वाफ जागच्या जागी राहते. म्हणून त्या पट्ट्या बंद करून दाराखाली सुमारे २ सेंटिमीटर फट ठेवावी, म्हणजे हवा दाराकडून आत येऊन सबंध खोलीतून पंख्याकडे जाईल. पंखा चालू असताना फटीपाशी धरलेली टिश्यू पेपरची पट्टी ठळकपणे आत ओढली गेली, तर ही वाट मोकळी आहे असे समजावे.

साडेसात घनमीटरच्या न्हाणीघरात ताशी ८५ घनमीटर हवा प्रत्यक्ष बाहेर टाकणारा पंखा सव्वापाच मिनिटांत खोलीभर हवा काढतो, तरीही येणारी हवा जुन्या हवेत मिसळत असल्याने तेवढ्यात ३७ टक्के जुनी हवा शिल्लक राहते. ती ५ टक्क्यांवर येण्यास १६ मिनिटे लागतात. त्यातच ओल्या जमिनीवरून बाष्पीभवन चालूच असते, त्यामुळे अंघोळीनंतर पंखा किमान २० मिनिटे चालू ठेवणे योग्य ठरते.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात एवढेही पुरत नाही. बाहेरची हवा २८ अंशांवर आणि ९० टक्के आर्द्र असेल, तर तिचा प्रत्येक घनमीटर जेमतेम ३ ग्रॅम बाष्प आणखी सामावू शकतो, उलट २५ अंशांच्या, ४० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या दिवसांत ही क्षमता १४ ग्रॅमच्या जवळ जाते. म्हणून पावसाळ्यात वायपरने जमीन व भिंती निपटून काढणे हे पंख्याइतकेच मोलाचे काम आहे, कारण निचऱ्यात गेलेल्या पाण्याची वाफ होत नाही.

गॅस गिझरबाबत मात्र कोणतीही तडजोड नसावी. अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो, आणि वीज गेली की पंखाही थांबतो. त्यामुळे पंखा आहे म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात बसवणे धोक्याचेच असून त्याची जागा बाहेर, मोकळ्या हवेतच असावी.