‘बाहेरचं’ म्हणता म्हणता

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी उज्जैनच्या भैरवगढवरून कालियादेहकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. आपल्या पंचांगातली ही फाल्गुन अमावास्या. माळव्यात तिला भूतडी अमावस्या म्हणतात. क्षिप्रेच्या बावन्न कुंडांत बुडी मारली की अंगातलं ‘ऊपरी’ उतरतं, ही श्रद्धा. शिंद्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांत त्यालाच ‘बाहेरचं’ म्हणतात.

त्या गर्दीतले सगळेच नैराश्याचे रुग्ण नसतात. पण महिनोन्‌महिने न जेवलेली, न बोललेली एखादी सूनही त्यात असते. नैराश्य तसं आवाज न करता येतं. भैरवगढ बाटिकच्या छपाईसाठी प्रसिद्ध; तिथल्या एखाद्या कारागिराचं मेण तापलेलं असतं, कापड पसरलेलं असतं, आणि हातच उचलत नाही. घरचे आधी म्हणतात आळस, मग म्हणतात टेन्शन. दोन्ही शब्द चालेनासे झाले की ‘बाहेरचं’ निघतं.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या जवळपास एक्याण्णव रुग्णांना उपचार मिळत नव्हते. चौतीस वर्षांच्या कार्यक्रमाचं हे प्रगतिपुस्तक!

खरी हालचाल झाली ती गोव्यात. तिथल्या ‘संगत’ संस्थेने एक साधा प्रश्न विचारला: मानसोपचारतज्ज्ञ मिळत नसेल तर गावातल्याच माणसाला शिकवून हे काम का जमू नये? ‘मानस’ या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. २०१७ मध्ये आणखी एका प्रयोगाचे आले. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेले सामान्य समुपदेशक बोलत. सहा ते आठ भेटी, दर वेळी अर्धा-पाऊण तास. मन लागेल तेव्हा कामाला लागू असं म्हणत थांबायचं नाही. आज पाणी भरायचं, उद्या शेजारणीकडे जायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

विदर्भाने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाचे कार्यकर्ते घरोघरी गेले, बैठका घेतल्या, लोक ज्याला ‘ताण’ म्हणतात त्याच शब्दात बोलले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे तिथे पूर्वी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले.

आता माळव्याकडे परत येऊ. उज्जैनहून भोपाळला जाताना लागणाऱ्या सिहोर जिल्ह्यात २०११ पासून ‘प्राइम’ प्रकल्प चालला. आरोग्य केंद्रांत ‘मनकक्ष’ नावाची खोली आली. विदर्भात आणि इथेही पुढाकार घेणारे मानसोपचारतज्ज्ञ एकच, डॉ. राहुल शिधये. जो उपचाराला आला त्याची सोय झाली, पण गावांतून उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण काही वाढलं नाही. मला या सगळ्या इतिहासात हे अपयशच सर्वांत बोलकं वाटतं. विदर्भात माणूस दारात गेला होता. सिहोरमध्ये खोली रुग्णाची वाट पाहत बसली. कुंडावर जायला सबंध गाव सोबत निघतं, त्या खोलीकडे मात्र एकट्याने जायचं असतं, तेही ‘वेडा’ हा शिक्का लागण्याची भीती पोटात घेऊन. पुढे सिहोरमध्येच आशा कार्यकर्त्यांना गोव्याची ती पद्धत शिकवायला सुरुवात झाली, हे योग्यच झालं.

दरम्यान मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा माणूस मानलं. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस ही फोनसेवा सुरू झाली.

पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कुणाला बावन्न कुंडांवर नेणार असाल तर न्या, श्रद्धेशी भांडण नाही. फक्त परतताना सोबतच्या त्याच माणसांनी त्याला दवाखान्यातही न्यावं. तेही नाही जमलं तर १४४१६ लावा. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, आणि मराठीत बोलता येतं.