कामगारांना शिकवायला कुणाला बोलवावं?

लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्याआधी मास्तर होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक ड्रॉइंग शिकवत. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. बेळगावात 1888 साली सुरू झालेल्या किर्लोस्करांच्या दुकानात सायकल विकली जाई आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवली जाई. 1910 मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली आणि आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या माळावर तयार ओतारी आणि फिटर कुठून मिळणार? हाताशी आलेल्या माणसांनाच कामात तरबेज करावं लागलं. गिऱ्हाइकालाही शिकवावं लागलं, कारण कारखान्यात बनणाऱ्या लोखंडी नांगरानं जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी काही काळ याच नांगरांची विक्री केली.

कारखानदारीची सुरुवातच शिकवण्यातून झालेल्या या जिल्ह्यात आज प्रशिक्षक निवडताना त्याचं वक्तृत्व पाहिलं जावं, याचं वाईट वाटतं. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतली फाउंड्री असो, साखर कारखाना असो की सहकारी बँक, बऱ्याच ठिकाणी चित्र तेच. हॉल, प्रोजेक्टर, टाळ्या, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला काम मात्र कालच्यासारखंच.

चूक बहुतेक वेळा प्रशिक्षक शोधण्याआधीच झालेली असते. नेमकं काय बिघडलंय, हे मालकानं ठरवलेलंच नसतं. समजा, एखाद्या फाउंड्रीत रात्रपाळीचं रिजेक्शन वाढलं. वाळूत ओल जास्त असेल, ओतताना धातू गार पडत असेल किंवा नग भरून काढण्यासाठी सुपरवायझर घाई करायला लावत असेल. वाळू तपासायचं उपकरणच बंद असेल तर ते आधी दुरुस्त करावं लागेल. घाई होत असेल तर उत्पादनाचं टार्गेट तपासावं लागेल. धातू ओतायची पद्धतच चुकत असेल, तरच शिकवण्याचा प्रश्न येतो. म्हणून चांगला प्रशिक्षक पहिल्या भेटीत विषयांची यादी पुढे करत नाही. तो शॉपफ्लोअर बघायला मागतो, रिजेक्शनचे कागद मागतो, रात्रपाळीला येतो. ‘साहेब, इथं प्रशिक्षणाची गरज नाही,’ असं सांगून हातचं काम सोडणारा कुणी भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा. गरज पडेल तेव्हा पहिला फोन त्यालाच करा.

शिकवायचं कसं, याचं एक सोपं सूत्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालं. कारखान्यांत लाखो नवखी माणसं भरती होत होती. त्यांना कामाला लावण्यासाठी 1940 ते 1945 या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही मोहीम चालली. आधी शिकणाऱ्याची भीती घालवायची, मग काम टप्प्याटप्प्यानं करून दाखवायचं, ते त्याच्याकडून करून घ्यायचं आणि पुढे वरचेवर जाऊन पाहायचं. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटानं ती उचलली. आपल्याकडे बोलावलेला प्रशिक्षक दुसऱ्या टप्प्याच्या पुढे सहसा जात नाही, कारण करारच एका दिवसाचा असतो.

तेव्हा करार बदला. सगळं मानधन एकदम देऊ नका. काही भाग महिना-दीड महिन्यानंतरच्या फेरभेटीसाठी राखा आणि ते आधीच लिहून घ्या. निवडीआधी आपल्याच आठ-दहा कामगारांसमोर अर्धा तास शिकवायला सांगा. त्या वेळी प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघू नका, कामगारांच्या हातांकडे बघा. त्यानं पूर्वी जिथं काम केलं, तिथल्या एचआरला फोन करण्यापेक्षा सुपरवायझरशी बोला. भाषेचीही खात्री करून घ्या. मोल्डिंगवरची माणसं परप्रांतातली असतील तर शिकवणं हिंदीत लागेल. गावातल्या शाखेत कॅशिअरला सायबर फसवणूक समजावायची असेल तर तिथं मराठीच हवी.

परिणाम मोजायचा तर अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली मांडलेल्या चार पायऱ्या आजही उपयोगी पडतात. कार्यक्रम आवडला का, काही कळलं का, वागण्यात बदल झाला का आणि धंद्याला फायदा झाला का? फीडबॅक फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो. रिजेक्शनचा आकडा चौथ्या पायरीवर भेटतो. त्यासाठी प्रशिक्षणाआधीचा आकडा लिहून ठेवलेला असावा लागतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. आठवड्याच्या सुटीला बोलावून शिकवू नका. शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे, त्याचा पगार द्या. आणि पन्नाशीच्या, लिहायची सवय सुटलेल्या कामगारापुढे लेखी परीक्षेचा कागद टाकू नका. त्याला काम करून दाखवू द्या. सगळ्यांदेखत अपमान झालेला माणूस पुन्हा प्रश्न विचारत नाही.

बाहेरचा माणूस नेहमीच लागतो असंही नाही. साखर कारखान्यांसाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, सहकारासाठी पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आहे. पण पॅनवर उकळणारी साखर नजरेनं ओळखणारा जुना पॅनमन किंवा भट्टीचा रंग पाहून तापमान सांगणारा मिस्त्री तुमच्याच हजेरीपटावर असतो. उत्तम काम येणाऱ्याला उत्तम शिकवता येतंच असं नाही, म्हणून त्याला शिकवायला शिकवा. मुंबईतल्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत निदेशक घडवण्याचे अभ्यासक्रम चालतात. तसा एखादा तज्ज्ञ गाठा आणि आपल्या मिस्त्रीबरोबर काही दिवस बसवा.

येत्या वर्षाचं प्रशिक्षणाचं बजेट ठरवाल, तेव्हा त्यात या मिस्त्रीच्या शिकवण्याच्या तासांचा जादा मोबदलाही धरा. तो निवृत्त व्हायच्या आत हे करा.