आईचा स्टोव्ह द्यायचा आहे

भांड्यांच्या दुकानात जुन्या पितळेला एकच भाव असतो, मोडीचा. घागर असो, तपेलं असो, की तीन पिढ्यांना चहा पाजलेला स्टोव्ह असो. दुकानदार तो उलटा करतो, लोखंडी पाय आणि वरची कडी काढून बाजूला टाकतो, उरलेली टाकी काट्यावर ठेवतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यात फार तर स्टीलचं एक बरं पातेलं येतं. सातारा-सांगलीकडच्या ज्या घरांत आया आता ऐंशीच्या पुढं आहेत किंवा नुकत्याच गेल्या आहेत, त्या घरांतल्या माळ्यांवरून दर दिवाळीच्या साफसफाईत असे किती स्टोव्ह काट्यावर चढत असतील, देव जाणे. ते मोडीत घालू नयेत एवढंच सांगायला खरं तर हा लेख लिहायला घेतला. पण विषय स्टोव्हचा असल्यामुळे आडवाटेला जाणार, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या आईचं माहेर सांगलीचं, हरभट रोडच्या आसपासचं, आणि सासर साताऱ्यात. स्टोव्ह तिच्याबरोबर सांगलीहून आला. टाकीच्या खांद्यावर ‘प्रायमस’ आणि ‘स्टॉकहोम’ ही इंग्रजी अक्षरं उठवलेली. ती चिंचेनं घासघासून इतकी गुळगुळीत झाली होती, की डोळ्यांपेक्षा बोटानं वाचलेली बरी. लहानपणी स्टॉकहोम हे मिरजेच्या पलीकडचं एखादं स्टेशन असावं अशी माझी समजूत होती.

इतिहास थोडक्यात उरकते. वातीशिवाय जळणारा, काजळी न धरणारा हा रॉकेलचा स्टोव्ह स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानं १८९२ मध्ये बनवला. तो जगभर गेला, आपल्याकडेही आला. पुढं मुंबईच्या ‘उमराव’सारखे देशी स्टोव्ह निघाले. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रानं १९७० च्या दशकात ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह काढला. त्याआधी १९६५ मध्ये ‘इंडेन’ गॅस सुरू झालाच होता. गॅसचा नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहिली जायची आणि नंबर लागला की स्टोव्ह माळ्यावर. संपला इतिहास.

आता माझ्या आवडीचा भाग. हा स्टोव्ह चालतो कसा, हे ज्यानं एकदा नीट पाहिलं त्याला तो मोडीत घालवत नाही. खाली टाकी, टाकीत पाऊण भाग रॉकेल. वरच्या मोकळ्या जागेत पंपानं हवा कोंबायची. ती हवा रॉकेलला दाबते, रॉकेल मधल्या नळीतून वर बर्नरमध्ये चढतं. बर्नरच्या वळशा घेतलेल्या नळ्या आधीच तापवलेल्या असल्या, तर रॉकेलची तिथल्या तिथं वाफ होते, निपलच्या केसाएवढ्या भोकातून ती जोरात सुटते, सुटताना हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीनं जळते. ती ज्योत पुन्हा नळ्यांनाच तापवत राहते. म्हणजे एकदा लागला की स्टोव्ह स्वतःच स्वतःला पेटता ठेवतो. फिरणारा एकही भाग नाही, विजेची गरज नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी या रचनेत मूलभूत असं काही बदलावं लागलेलं नाही.

सगळी मेख त्या ‘आधीच तापवलेल्या’मध्ये आहे. त्यासाठी काकडा. स्पिरिटच्या बाटलीत बुडवलेला काकडा बर्नरच्या गळ्याला चिमट्यासारखा अडकवायचा, पेटवायचा आणि धीर धरायचा. घाई केली की रॉकेल वाफ न होता तसंच वर येतं आणि पिवळा भडका छताला भिडतो. आई काकडा लावला की तांदूळ निवडायला बसायची. निवडून झाले की काकडा काढायचा, हवेची चावी आवळायची, चार पंप मारायचे. आधी फुसफुस, मग घरघर, मग तो एकसारखा आवाज. ज्योत वेडीवाकडी आली तर पिन मारायची. पत्र्याच्या लांब पट्टीला अडकवलेली ती तार! गल्लीत एखादीकडची पिन हरवली, की सकाळी सहाला दारात पोर उभं: “काकू, आईनं पिन मागितलीय.”

दिवाळीत याच स्टोव्हची खरी परीक्षा. प्रायमसची ज्योत वाढवणं सोपं, पंप मारा. कमी करणं हे कसब. चावी किंचित सैल करून हवा अगदी थोडी सोडायची आणि पुन्हा आवळायची. जास्त सुटली की बर्नर थंड पडून रॉकेलचा वास घरभर, अनारसे वाया. आई अनारशांना हवा सोडायची ती कानानं. आवाज कुठल्या पट्टीला आला की हात थांबवायचा, हे तिला ठाऊक होतं. चकल्यांना पुन्हा दोन पंप. गॅसच्या बटणावर हे सगळं गेलं आणि त्याबद्दल तिला काडीचंही दुःख नव्हतं. “तुम्हाला आवाज आवडतो, डोकं माझं उठायचं,” असं ती म्हणायची. जुन्या वस्तूंवर लिहिणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावं.

आणखी एक गोष्ट गोड आठवणींत दडपून टाकता येणार नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही दोन ओळींची बातमी आमच्या पिढीनं पेपरात इतक्या वेळा वाचली, की ती वाचायचंच बंद झालं. दर वेळी स्टोव्हचाच भडका, दर वेळी सूनच, सासू कधीच नाही. कायद्यात ४९८ अ हे कलम १९८३ मध्ये आलं आणि हुंडाबळीचं ३०४ ब १९८६ मध्ये. स्टोव्ह बिचारा निर्जीव, पण कितीतरी गुन्ह्यांत त्याचं नाव पुढं केलं गेलं. काही घरांना तो डोळ्यांसमोरही नको असतो. अशा घरानं तो मोडीत घातला तर मी एक शब्द बोलणार नाही.

चुलीपेक्षा स्टोव्हचा मोठा गुण म्हणजे तो उचलून नेता येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी दिवस माणसं घरात झोपायला धजत नव्हती. आमचा स्टोव्ह तेव्हा अंगणात आला आणि भात-आमटी उघड्यावर शिजली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या मावशीचा गॅस सिलिंडर खालच्या मजल्यावर पाण्यात आणि माणसं वर. माळ्यावरचा स्टोव्ह आणि तळाशी राहिलेलं बाटलीभर रॉकेल, एवढ्यावर वरच्या मजल्यानं चहा-खिचडी केली. आणि उंचीचंच बोलायचं तर १९५३ च्या २९ मे रोजी सकाळी एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते. ते त्यानं प्रायमसवर धरून मऊ केले आणि मग तेनसिंगबरोबर शिखराकडे निघाला. बुल्गाकोव्हच्या ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ या कादंबरीतला सैतानाचा बोका काखोटीला प्रायमस मारून मॉस्कोभर हिंडतो. हे मी आईला सांगितलं होतं. “रॉकेल कुठनं आणतो?” एवढंच तिनं विचारलं.

रॉकेलवरून आठवलं, आपला मुलूख या बाबतीत मागासलेला मुळीच नव्हता. कऱ्हाड स्टेशनला उतरलं की ओगलेवाडी. तिथल्या ओगले ग्लास वर्क्सचा ‘प्रभाकर’ कंदील देशभर गेला. तिकडं कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला, त्याचीच किर्लोस्करवाडी. या दोन्ही उद्योगांना औंध संस्थानाचा आधार मिळाला. आणि हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल, तर फलटणला जा. तिथं बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. अमेरिकेतून १९८१ मध्ये परत येऊन अनिल राजवंशी तिथं रुजू झाले आणि त्यांनी रॉकेलच्या ज्योतीवर वर्षानुवर्षं काम केलं. आधी ‘नूरी’ हा कंदील, पुढं ‘लॅनस्टोव्ह’: एकाच उपकरणात वर जेवण शिजतंय आणि त्याच्याच उजेडात पोरं अभ्यास करताहेत. ज्या जिल्ह्यात एक शास्त्रज्ञ स्टोव्हवर इतकी वर्षं घालवतो, त्या जिल्ह्यात स्टोव्ह किलोवर विकणं मला तरी बरं दिसत नाही.

तर आई गेली आणि स्टोव्ह कुणाला द्यायचा हा प्रश्न आला. दादा पुण्यात फ्लॅटमध्ये. धाकटी म्हणाली, “मला दे, दिवा करून घेते.” टाकीला भोक पाडून वायर घालतात, वर बल्ब लावतात, हॉटेलांत हल्ली सर्रास दिसतात. मी नाही म्हटलं. भोक पडलेली टाकी पुन्हा कधी हवा धरत नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा विचार आला. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली ती याच मायेनं. पण संग्रहालयाला असा एखादा स्टोव्ह पुरतो आणि कारखान्यातून हजारोंनी निघालेला आपला स्टोव्ह त्यांनी घ्यावा असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयाचं तर सगळं लक्ष चित्रं आणि शिल्पं यांच्याकडे. जुन्या बाजारात देता येतो, पण मग तो कुणाच्या हाती पडेल ते आपल्याला कळत नाही.

आधी तो दुरुस्त तर करावा म्हणून साताऱ्यातल्या एका जुन्या कारागिराकडे नेला. आता तो मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो, स्टोव्ह म्हटल्यावर हसला. पंप ओढून पाहिला. “ताई, वायसर वाळलाय निस्ता. टाकी बघू.” आतला कातडी वायसर पापडासारखा कडक झाला होता. त्यानं नवा वायसर गोड्या तेलात टाकला, मऊ झाल्यावर अंगठ्यानं दाबून त्याची वाटी केली आणि दांड्यावर चढवला. मग टाकीत थोडी हवा भरून ती बादलीत बुडवली आणि दोघंही बुडबुडे शोधत बसलो. बुडबुडे आले ते फक्त गळ्यापाशी. तिथली शिशाची चकती बदलली. मी कौतुकानं म्हटलं, “झाला की नवा!” तर म्हणाला, “नवा नाय. जुना, पण चालू.” जोडाची डाखणी उसवलेली किंवा टाकी फुगलेली असती, तर त्यानं हात लावला नसता. मग तो शोभेलाच ठेवायचा, म्हणाला. त्यात पेट्रोल कधी म्हणून घालायचं नाही, हे त्यानं निघताना पुन्हा पुन्हा बजावलं.

शेवटी घर मिळालं ते सांगलीतच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून हे गाव नाटकाचं. एका हौशी संस्थेला राज्य नाट्यस्पर्धेसाठी साठच्या दशकातलं स्वयंपाकघर उभं करायचं होतं आणि त्यांचा प्रॉपर्टी सांभाळणारा मुलगा स्टोव्ह शोधत होता. वाई-मेणवलीला शूटिंगला येणारी मंडळीही असल्या वस्तू मागतात, पण ती भाड्यानं नेतात आणि पोचे पाडून आणतात, असा माझा पूर्वग्रह आहे. या मुलाला मी दोनच गोष्टी विचारल्या: पेटवता येतो का, आणि वायसर कुठून आणशील? पहिली येत नव्हती, पण शिकायची तयारी होती. दुसऱ्याचं उत्तर त्यानं माझ्यासमोर फोन लावून मिळवलं. रंगमंचावर आग पेटवायला परवानगी नसतेच. त्यांना आवाज हवा होता. आमच्या अंगणात त्यानं स्टोव्ह स्वतः लावला, तिसऱ्यांदा नीट लागला, आणि काकड्यापासून हवा सोडेपर्यंतचा अख्खा आवाज त्यानं रेकॉर्ड करून घेतला. धाकटी म्हणाली, आईचं डोकं उठवणाऱ्या आवाजाला आता तिकीट लागणार.

तुमच्याकडे असा स्टोव्ह असेल तर द्या, पण नुसता देऊ नका. काकडा, पिन, निपलची चावी, जुना वायसर, जे सापडेल ते एका डब्यात घालून बरोबर द्या. जुन्या काकड्याला ॲसबेस्टॉस असतो, तो कुस्करू नका, पिशवीत बांधून ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करून उघडी वाळवा. रॉकेल असलेला स्टोव्ह रेल्वेनं नेणं गुन्हा आहे. टाकीच्या तळाशी एखादं अक्षर ठोकलेलं दिसलं तर ते घासून काढू नका, प्रायमसवाले १९११ पासून बनवल्याचं वर्ष अशा अक्षरांनी नोंदवत. आणि एका चिठ्ठीवर स्टोव्ह कुणाचा, कुठल्या गावचा, साधारण कुठल्या साली घेतला, एवढं लिहून ती डब्यात ठेवा. आईला विचारता येत असेल, तर या दिवाळीतच विचारून घ्या.