पाळीव फेरेट : निवारा आणि व्यायाम

फेरेट हा प्राणी मराठी भाषिकांच्या नित्य परिचयातला नाही. लांबट देह आणि आखूड पाय यांमुळे तो प्रथमदर्शनी मुंगसाची आठवण करून देतो. तथापि मुंगूस निराळ्या कुळातले असून फेरेटचे नाते पाणमांजराशी आहे. पोलकॅट या युरोपीय वन्य प्राण्याचे हे माणसाळलेले रूप होय. इसवी सनाच्या आरंभकाळात स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने आयबेरियातील सशांच्या बिळांत मुसकी बांधून सोडल्या जाणाऱ्या अशाच प्राण्यांचे वर्णन केले आहे.

या प्राण्याच्या नावातच त्याच्या स्वभावाची नोंद आहे. १७५८ साली लिनीयसने त्याच्या शास्त्रीय नामात योजलेला ‘फ्यूरो’ हा शब्द आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘फेरेट’ हा शब्द, या दोहोंचे मूळ ‘चोर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पुढे इंग्रजीत याच शब्दाचे क्रियापद झाले व त्याला ‘हुडकून काढणे’ हा अर्थ प्राप्त झाला. वस्तू पळवून दडविणे आणि प्रत्येक छिद्रात नाक खुपसून शोध घेणे, या दोन्ही सवयी बिळात वावरणाऱ्या शिकारी प्राण्याच्या आहेत. फेरेटच्या निवाऱ्याचा व व्यायामाचा विचार या सवयींपासूनच सुरू केला पाहिजे.

फेरेट दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारणतः १४ ते १८ तास झोपतो. त्यामुळे पिंजऱ्यात अंधारी, कोरडी व उबदार अशी झोपण्याची जागा प्रथम हवी. कापडी झोळी किंवा लहानशी पेटी यांनी हे काम भागते. तळ सपाट व भरीव असावा, कारण जाळीच्या तळाने तळव्यांना इजा होते. गजांमधील अंतर सुमारे अडीच सेंटिमीटरांहून अधिक नसावे. जेथे डोके शिरते तेथून या प्राण्याचा लवचिक देहही पार होतो. मलविसर्जनासाठी तो मागे सरकत कोपरा गाठतो, म्हणून त्याचे पात्र निजण्याच्या जागेपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवणे इष्ट. देवदार व पाइन यांच्या लाकडाचा भुसा अंथरू नये. त्यातील उग्र द्रव्ये श्वसनमार्गाला अपायकारक ठरतात.

उष्णता हा फेरेटचा मोठा शत्रू होय. घामाच्या द्वारे शरीर थंड करण्याची त्याची शक्ती अल्प असल्यामुळे तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की उष्माघाताचा धोका संभवतो. प्रकाशाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. या प्राण्याच्या प्रजननग्रंथींचे ऋतुचक्र दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दिव्यांच्या उजेडाने लांबलेला दिवस अधिवृक्क ग्रंथींच्या विकाराला हातभार लावत असावा, असा कयास आहे. त्याचबरोबर खच्चीकरण कोणत्या वयात होते याचा या विकाराच्या आरंभाशी संबंध असल्याचे नेदरलंड्समधील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. म्हणून रात्रीचा अंधार हाही निवाऱ्याचाच एक भाग समजला पाहिजे.

मात्र पिंजरा कितीही प्रशस्त असला तरी तो केवळ झोपेची गरज पुरवितो, जागृतीची नव्हे. दररोज निदान चार तास पिंजऱ्याबाहेर मोकळे सोडावे, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. हा प्राणी पहाटे व सायंकाळी अधिक चपळ असल्याने त्या वेळा विशेष सोयीच्या. केवळ धावण्याने त्याचे समाधान होत नाही. लांब नळ्या, उकरण्यासाठी मातीने भरलेली पेटी, दडवून ठेवलेले खाद्य व सोबतीला दुसरा फेरेट, यांमुळे शोधाची वृत्ती तृप्त होते. आनंदाच्या भरात तो पाठ कमानीसारखी वाकवून आडव्या उड्या मारतो. अननुभवी पाहणाऱ्यास तो हल्ला वाटतो, वस्तुतः ते खेळाचे आमंत्रण असते.

मोकळीक देण्यापूर्वी खोलीची तपासणी अनिवार्य होय. कपडे धुण्याच्या यंत्रामागील फट, दुमडणाऱ्या खुर्चीची यंत्रणा व उंच फळी ही सारी धोक्याची ठिकाणे आहेत. चघळलेले रबर गिळले गेल्यास आतडे तुंबते. निसटण्याची चिंता केवळ त्या प्राण्यापुरती मर्यादित नाही. सशांच्या बंदोबस्तासाठी १८८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये सोडलेले फेरेट तेथील भूचर पक्ष्यांच्या मुळावर आले. २००२ पासून तेथे त्यांच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी आहे.

ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या गरजांत योग्य निवाऱ्याबरोबरच स्वाभाविक वर्तनाची संधीही गणली आहे. फेरेटच्या बाबतीत ही जोड यथार्थ ठरते. माणसाळणे याचा अर्थ माणसाचे भय नाहीसे होणे एवढाच. बिळाची ओढ त्याने नाहीशी होत नाही. ज्या घरात दिवसाचे चार तास आणि एक सुरक्षित खोली या प्राण्यासाठी राखून ठेवता येत नाही, तेथे तो न पाळणेच त्याच्या हिताचे होय.