आवाजाचे पैसे कोण देते?

आमच्या घरात रेडिओ होता आणि त्याच्याबरोबर एक छोटी पुस्तिकाही होती. ते रेडिओचे लायसन्स. दरवर्षी अब्बा ती पुस्तिका घेऊन पोस्टात जात, फी भरत आणि तिकिटावर शिक्का मारून आणत. मग ती रेशनकार्डाशेजारी ट्रंकेत जाई. एकदा मी विचारले, रेडिओ आपण विकत घेतला, मग हे पैसे कशाचे? अब्बा म्हणाले, "डब्बा अपना है रे, आवाज थोडीच अपनी है? उसका देना पडता."

आवाजाचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्या रेडिओइतकाच जुना आहे. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती. वर्षाला दहा रुपयांचे लायसन्स, त्यातला वाटा हे तिचे मुख्य उत्पन्न. रेडिओ महाग, ऐकणारे थोडे आणि त्यांतही लायसन्स न काढणारे होतेच. 1930 साली कंपनी बुडाली. सरकारने केंद्रे हाती घेतली, पण खर्च पेलवेना म्हणून 1931 मध्ये ती बंद करण्याचे ठरवले. लोकांनी ओरड केली, तेव्हा निर्णय फिरला. पुढे 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. म्हणजे बाजाराला जे जमले नाही ते सरकारला करावे लागले, आणि सरकार मागे सरले तेव्हा ऐकणाऱ्यांनी ते वाचवले.

मग जाहिराती आल्या. 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर येथून त्या सुरू झाल्या. 1976 मध्ये दूरदर्शननेही तो मार्ग धरला. 1980 च्या दशकाच्या मध्यात लायसन्सची पद्धत रद्द झाली. लोकांना आनंद झाला, आमच्याही घरी झाला. पोस्टातली एक खेप वाचली!

पण फी गेली म्हणजे खर्च गेला असे नाही. आता आकाशवाणी आणि दूरदर्शनचे पैसे मुख्यतः केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातून येतात, काही जाहिरातींतून. प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये झाला आणि 1997 मध्ये अमलात आला. संस्था स्वायत्त झाली, पण तिला किती द्यायचे हे सरकार ठरवते आणि संसद मंजूर करते. अनुदानाचा मोठा हिस्सा पगारात जातो. जानेवारी 2023 मध्ये 2,539 कोटींची एक योजना मंजूर झाली, तिचा भर यंत्रसामग्री आणि प्रक्षेपणाच्या सोयी सुधारण्यावर होता. ते हवेच; पण त्या यंत्रांपुढे बसून बोलणाऱ्या माणसाचाही हिशेब व्हायला हवा.

कोणी म्हणेल, आमच्या करातून सरकारची स्तुती का ऐकायची? आक्षेप खरा आहे. आणीबाणीत आकाशवाणी सरकारचा भोंगा झाली होती. त्या अनुभवातूनच वर्गीज समिती नेमली गेली आणि 1978 च्या अहवालात तिने स्वतंत्र संस्थेची शिफारस केली. पण सगळे जाहिरातदारांवर सोपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जाहिरातदाराला गिऱ्हाईक हवे असते. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याला पावसाचा अंदाज सांगण्यासाठी साबणाची कंपनी पैसे का देईल?

माझेच सांगतो. आमची घरची बोली दखनी. शाळेत मराठी वाचली, पण तिचा कानाला लागलेला लहेजा सांगली केंद्रावरचा. कीर्तन, शेतीच्या गप्पा, बाजारभाव, कविता. असल्या कार्यक्रमांतून मी मराठीत कविता लिहायला शिकलो. खेड्यातल्या एका मुसलमान पोराला मराठी कवितेपर्यंत नेण्यात कोणत्या जाहिरातदाराचा फायदा होता?

अमेरिकेतही हा प्रश्न नुकताच पेटला. तिथे सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला तोही नोव्हेंबर 1967 मध्येच. त्यातून उभ्या राहिलेल्या महामंडळामार्फत सरकारी पैसा गावोगावच्या केंद्रांना मिळे. जुलै 2025 मध्ये तिथल्या काँग्रेसने पुढील दोन वर्षांसाठी आधीच मंजूर केलेले सुमारे 1.1 अब्ज डॉलर परत घेतले आणि महामंडळाला काम गुंडाळावे लागले. मोठ्या शहरांतील केंद्रांना देणगीदार असतात. झळ जास्त लागते ती ग्रामीण भागातल्या लहान केंद्रांना. तिथेही आणि इथेही.

म्हणून पैसा सरकारी असावा, पण त्याची दोरी रोज ओढता येऊ नये. रक्कम काही वर्षांसाठी एकदम ठरावी. ती कशावर खर्च करायची हे सरकारबाहेरच्या जाणत्या माणसांनी ठरवावे. आणि स्थानिक कार्यक्रमांसाठी वेगळी तरतूद असावी.

अब्बांची पुस्तिका अजून ट्रंकेत आहे. त्या पुस्तिकेमुळे त्यांना ठाऊक होते की आवाजाचे पैसे आपण देतो. एखादा कार्यक्रम आवडला नाही तर ते हक्काने केंद्राला पोस्टकार्ड टाकत. आज काडेपेटी घेणाराही कर भरतो, म्हणजे रेडिओचे पैसे देतोच. फक्त त्याच्या हाती पावती नाही. त्यामुळे देणारे आपण आहोत हे आपण विसरलो आणि सरकारला वाटू लागले की देणारे तेच आहे. तेव्हा, श्रोतेहो, आपल्या केंद्राला एक पत्र जरूर लिहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)